परशुरामाची बारा पानं

रंगाची पुडी घरात आणली ती मालननेच. आगगाडीने मुंबईहून कल्याणात आलेला तो विलायती लाल पाण्यात कालवला की असा काही खुलायचा, की त्याच्यापुढे अण्णांचा हिंगूळ म्हणजे विटकं फडकंच. विश्रामअण्णा चितारी लेकीला नेहमी बजावायचे, "नवा रंग आधी कोऱ्या पानावर लाव आणि आठ दिवस थांब." पण आठ दिवस थांबायला मालनला धीर कुठला! अण्णांचे डोळे अधू झालेले, गिऱ्हाईक दौलतरावांना गंजिफांचा, म्हणजे खेळायच्या गोल पत्त्यांचा, संच दाखवायचा दिवस तोंडावर आलेला. तिने एका कोऱ्या पानावर रंग लावला, वाळलेला पाहिला, आणि परशुरामाची बाराही पानं गुपचूप त्याच लालाने रंगवून टाकली.

चिंचोक्याच्या खळीने चिंध्या एकावर एक चिकटवून केलेली ती गोल पानं. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीसच्या एकशेवीस पाठीमागून सारखी दिसली पाहिजेत, नाहीतर तो खेळ कसला? चाळीस वर्षांत अण्णांचं एक पान कुणाला पाठीवरून ओळखता आलं नव्हतं. मिरवावं असं त्या घरात तेवढंच होतं.

दौलतराव आले, बैठकीवर टेकले. पानं त्यांच्यापुढे मांडलेली. "लाखेचं रोगण तेवढं उद्या चढवतो, रावसाहेब," अण्णा सांगत होते. मालन दाराआड उभी होती, ते चाचणीचं पान घामेजल्या मुठीत धरून. तिने ते सहज उलटं केलं. पांढऱ्या पाठीवर लाल डाग फुटला होता.

गप्प राहावं? मग दोन-चार डावांतच अण्णांचं नाव मातीत जाणार. सांगावं, तर पाहुण्यादेखत त्यांची मान खाली. स्वतःचाच तिला असा राग आला, की पाय आपोआप उंबऱ्याबाहेर पडले.

"अण्णा, ही पानं देऊ नका. मी हिंगूळ वापरला नाही. हा लाल पाठीवर उतरतोय."

अण्णांनी पान डोळ्यांशी नेलं, अंगठ्याने चोळलं.

दौलतरावांनी पान मागून घेतलं, उलटसुलट केलं आणि गालात हसले. "विश्रामा, डाग बारीक आहे. ठाऊक असेल त्यालाच दिसेल." त्यांनी आवाज उतरवला. "दिवाळीत माझ्याकडे पैसे लावून खेळायची बैठक आहे. हाच संच दे. आपण तिघंच जाणतो."

वर्षाचं काम होतं ते, आणि अण्णांच्या डोळ्यांना पुढचं वर्ष मिळेल की नाही कोण जाणे. अण्णाही हसले तर?

"मालन, पाणी आण."

पाहुण्यांसाठीच असेल म्हणून ती तांब्या घेऊन आली.

"परशुराम काढ. बाराही."

तिने पानं त्यांच्यापुढे ठेवली. अण्णांनी हाताने चाचपून ती नीट पसरली आणि तांब्या वर ओतला. लाल पाणी बैठकीवरून वाहत दौलतरावांच्या धोतरापर्यंत पोचलं. ते ताडकन उठले आणि जोडे चढवून चालते झाले.

"आता हिंगूळ घोट," अण्णा म्हणाले. "आणि आधी कोऱ्या पानावर लाव."