पाटणच्या वाटेवरचा खर्ज

चिंतामणराव दप्तरदार हे माझे सासरे. गल्लीत शिरणारा टांगा कोणाचा, हे ते ओसरीवर बसून घोड्याच्या टापांवरून सांगत. त्यांचे चिरंजीव देवदत्त. हे नाव मी येथे लिहिते आहे. तोंडाने आजवर घेतलेले नाही. फोडणीत हिंग पडायला उशीर झाला, हे त्यांना बैठकीत बसल्या जागी मोहरीच्या आवाजावरून कळे, आणि ते तसे बोलूनही दाखवीत. त्यांच्यात दोष असा हा एवढाच. त्यांचा आणि माझा मुलगा दिवाकर मदन महल स्टेशनाकडे येणारी गाडी मालगाडी आहे की सवारी, हे अंथरुणात पडल्या पडल्या सांगतो. अशा तीन पिढ्यांच्या कानांचा वारस म्हणजे माझा नातू वेदांग. गेल्या सप्टेंबरात मी त्याला जेवायला तीन हाका मारल्या. चौथ्या हाकेला त्याने मान वर केली आणि विचारले, "अं?"

हा मुलगा पाटणला मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन साठाच्या वर किलोमीटर होतात. मातीच्या ढेकळांशी दिवसभर बोलून माणूस असा होत असेल, अशी मी प्रथम स्वतःची समजूत घातली. परंतु त्या महिन्यात त्याचे कान मला फार मोठ्या कामासाठी हवे होते, आणि ते काम सांगायचे तर एकावन्न वर्षे मागे गेले पाहिजे.

सन १९७४ मध्ये माझे पहिले जाहीर गायन ठरले. तंबोऱ्यावर बसणार होती ती माझी नणंद ऐन दिवशी आजारी पडली. तेव्हा आमच्याच गुरुजींकडे शिकणारी भागीरथा, जवळच्याच गढा वस्तीतल्या दयाराम मेश्रामांची मुलगी, टेलिफोन एक्स्चेंजमधली पाळी संपवून थेट माझ्या मागे येऊन बसली. अंगात ताप होता, हे मला नंतर कळले. अडीच तास तिने तंबोरा छेडला. त्या दिवशी लोकांनी मला जे काही मानले त्याचा निम्मा भाग तिच्या बोटांचा होता. तुझ्या गाण्याला तंबोरा मी धरीन, असा शब्द मी तिथल्या तिथे दिला. दोन महिन्यांनी तिचे गाणे गढ्यातल्या बुद्धविहारात ठरले आणि मी निरोप पाठवला की घरी पाहुणे आले आहेत. घरी कोणीही आलेले नव्हते. दप्तरदारांच्या सुनेने कोणाच्या मागे बसावे, आणि तेही कोठे जाऊन बसावे, हा विचार माझ्या मनात आला होता. सासूबाईंचे नाव पुढे करून सुटता आले असते. पण त्यांना मी विचारलेदेखील नव्हते.

यंदा भागीरथाला पंचाहत्तर पूर्ण झाली. तिची नात एकता आमंत्रण घेऊन आली. आजी कितीतरी वर्षांनी गाणार आहे, तासाभराचा कार्यक्रम आहे, तंबोरा मोबाइलवर लावू, असे ती म्हणाली. मी तिला बजावले की तंबोरा आमच्या घरून येईल आणि वाजवणारीही आमच्याच घरची असेल. दुसऱ्या दिवशी एकता भागीरथाचा निरोप घेऊन परत आली. निरोप सांगताना तिने पदर नसतानाही पदरात हसावे तसे तोंड लपवले.

"आजी म्हणाली, बाईंना विचारून ये, यंदा पाहुणे तर नाही ना येऊन राहिले."

मी तिला चहा दिला. दुसरे काय देणार?

अडचण अशी होती की तंबोरा छेडायला माझी बोटे अजून समर्थ असली, तरी तो लावायला माझे कान राहिलेले नाहीत. तारेखाली जवारीचा दोरा सरकवताना जिथे तार अचानक मधमाशीसारखी गुणगुणू लागते, तो केसाएवढा क्षण मला सत्याहत्तराव्या वर्षी ऐकू येत नाही. वेदांगला मी पाचव्या वर्षापासून ते शिकवले आहे. मातीत त्याचे किती लक्ष असते देव जाणे, पण जवारीत चूक करीत नसे. म्हणून कार्यक्रमाला सहा आठवडे असताना मी त्याला आज्ञा केली की आजपासून तुझ्या कानात दिवसभर षड्ज असला पाहिजे. आमच्या गुरुजींची हीच पद्धत होती. दळण दळताना, भाजी निवडताना, शेजारच्या खोलीत तंबोरा चालू असे आणि कान आपोआप तयार होत.

तीन आठवड्यांनी मी त्याला तंबोरा लावायला बसवले. पंचम उतरलेला होता, तो माझ्यासारख्या म्हातारीलाही कळला. वेदांग मात्र खुंटीवरचा हात काढून समाधानाने म्हणाला, "लागला."

मी त्याच्याकडे पाहिले. खर्जाची तर गोष्टच सोडा. ती सर्वांत खालच्या सुराची तार ढोलीतल्या घुबडासारखी बोलत होती. मी विचारले, कान दुखतात का. तो म्हणाला, दुखत नाहीत, पण घरी आल्यावर शीळ वाजत राहते, कुकरची शिटी दूर कुठे तरी अडकल्यासारखी. आणि मग अगदी सहज सांगितले, की जेवायला बसेपर्यंत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हेल्मेट चढवीत असताना मला त्याच्या कानांत काळी बोंडे दिसली. मला सर्व उमगले. सिनेमातली गाणी. मी हात पुढे केला आणि त्याने मुकाट्याने दोन्ही बोंडे माझ्या तळहातावर ठेवली. दिवाकर गॅलरीतून पाहत होता. त्याने लगेच वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. कोणते दिव्य संगीत ऐकत हा मुलगा माझा शब्द पाण्यात घालतो आहे, हे पाहावे म्हणून मी एक बोंड कानात घातले.

आत माझा तंबोरा वाजत होता. मागे, कुठल्याशा शिकवणीत त्याने मोबाइलवर टिपलेली, मीच बोलत होते, "जोड सांभाळ, खर्ज उतरतोय." एकदम एवढ्या मोठ्या आवाजात मी स्वतःच्याच कानात ओरडले की बोंड माझ्या हातून अंगणात पडले.

"तुम्हीच म्हटलं होतं ना, आजी, दिवसभर षड्ज पाहिजे," वेदांग म्हणाला. "दिवसातले दोन तास तर मी गाडीवरच असतो. हवेत काही ऐकूच येत नव्हतं, म्हणून फुल करून ठेवला."

गुरुजींच्या घरी भाजी निवडणारे कोणी ताशी सत्तर किलोमीटरने जात नसे, हा फरक माझ्या लक्षात यायला हवा होता. तो आला नव्हता, हे मी त्याला त्या वेळी सांगितले नाही. बोंडे मी तांदळाच्या डब्यात बंद केली आणि निकाल दिला की आता शीळ बंद होईल.

ती बंद झाली नाही. चार दिवसांनी पंचम पुन्हा उतरलेला, आणि कार्यक्रम अडीच आठवड्यांवर. रात्रभर मी छताकडे पाहत राहिले. या वेळी पाहुण्यांचे कारणही सांगता येणार नव्हते. भागीरथाने तो रस्ता हसत हसत बंद करून ठेवला होता.

शेवटी मी एकताला बोलावले. ती कानाच्या डॉक्टरांकडे श्रवण तपासण्याचे काम करते. तिने वेदांगला काचेच्या खोलीत बसवून तपासले आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हां दोघांसमोर हिशेब मांडला. गाण्याने भर घातली हे खरे, पण मूळ दोषी वारा आहे. हेल्मेटच्या कडांवर तो असा गर्जतो की कानाला गिरणीत बसवल्यासारखे होते. वेदांगभैया त्या गर्जनेच्या वर तंबोरा चढवून राहिले होते. अजून थकलेलाच कान आहे, बिघडलेला नाही. विश्रांती मिळाली तर परत येईल, नाही मिळाली तर एक दिवस यायचा थांबेल. एवढे सांगून तिने पर्समधून दोन पिवळे, मऊ, बोटाच्या पेराएवढे तुकडे काढले. चुरगाळून कानात घालायचे, आत ते फुगतात.

मी स्पष्ट नकार दिला. कान बुजवून सूर शिकलेला मनुष्य मी पाहिलेला नाही, आणि मागून ट्रक आला तर ह्याला कळणार कसे? एकताने वाद घातला नाही. ती म्हणाली, "आजीजी, एकदा तुम्ही मागे बसून पाहा. भैया हे घालून चालवतील, तुम्ही काही घालू नका."

अशा तऱ्हेने दप्तरदारांच्या घरातील ज्येष्ठ स्त्री, डोक्यावर सुनेचे गुलाबी हेल्मेट घालून, एका बाजूला पाय सोडून, गढ्यातून पाटणच्या रस्त्याला लागली. पानवाल्याने हात जोडले. कोणत्या भावनेने जोडले ते मी विचारले नाही. गाव मागे पडले आणि वेग वाढला, तसा वारा माझ्या कानांत असा शिरला की मला स्वतःचे रामनाम ऐकू येईना. एकाएकी वेदांगने गाडी डावीकडे घेतली, आणि एक ट्रक आमच्या बाजूने पुढे गेला. मी त्याच्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. विचारले, तुला ट्रक दिसला का? तो म्हणाला, दिसला नाही, हॉर्न ऐकला, दोनदा वाजवला त्याने. वारा दबल्यामुळे बुजलेल्या कानांना जो हॉर्न दोनदा ऐकू आला, तो माझ्या मोकळ्या कानांना एकदाही आला नव्हता.

घरी येऊन मी तंबोरा मांडीवर घेतला. तारा हलताना दिसत होत्या. माझ्या कानांत मात्र कुकरची शिटी दूर कुठे तरी अडकली होती.

मी हुकूम बदलला. हुकूम बदलणे मला जड जात नाही; तो बदलला आहे हे दिवाकरला कळणे जड जाते. रोज सकाळी ते पिवळे तुकडे मी स्वतः वेदांगच्या हातावर ठेवू लागले. गाडीवर षड्ज नाही, घरी आल्यावर दूरदर्शन नाही, मिक्सर नाही. चटणी दोन आठवडे पाट्यावर वाटली गेली. सूनबाई प्रणोती एवढेच म्हणाली, की देवाने मलाही असे कान द्यायला हवे होते, ज्यांची घरभर इतकी काळजी घेतात. मी तिला म्हटले, तुझे कान उत्तम आहेत, म्हणून तर तुला सगळे ऐकावे लागते.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी वेदांग गढ्यातल्या त्या विहाराच्या सभागृहात तंबोऱ्यावर वाकला. जवारीचा दोरा त्याने सरकवला, मागे घेतला, पुन्हा सरकवला. तो केसाएवढा क्षण मला ऐकू येणार नव्हता, म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. एकदा तो "लागला" म्हणेल असे वाटले, पण म्हणाला नाही. खुंटी कणभर फिरवली. मग भागीरथा, जी कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती, हळूच हुंकारली आणि त्या स्वरात मिसळली. वेदांगने खुंटीवरचा हात काढला.

पाच वाजता मी तिच्या मागे बसले. तिचा आवाज खाली उतरला आहे, दम कमी झाला आहे, पण जिथे थांबायचे तिथे ती अजून आम्हां सगळ्यांपेक्षा उशिरा थांबते. तासाभराने तिने शेवटची ओळ घेतली, हात जोडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तंबोरा छेडत राहिले.

ती मागे वळली. "काहून नाही थांबून राहिल्या, बाई?"

"तू अडीच तास बसली होतीस," मी म्हटले. "अजून दीड तास बाकी आहे. गा."

"मला पंचाहत्तर झाले."

"मला सत्याहत्तर."

"पाहुणे नव्हते ना त्या दिवशी?"

"नव्हते," मी म्हटले.

"माहीत होतं मला," ती म्हणाली, आणि एकताकडे पाणी मागून दोन घोट प्यायली. मग तिने समोर तोंड केले आणि पुढचा राग सुरू केला. मधे दोनदा ती थकली तेव्हा एकताने मागून सूर धरून सांभाळून घेतले. तंबोरा थांबला नाही. साडेसात वाजता माझ्या बोटाची साल गेलेली होती. मी तंबोरा जमिनीवर आडवा ठेवला आणि भागीरथाने, लोकांकडे पाठ करून, माझा हात आपल्या हातात घेतला.

"फिटलं, बाई," ती म्हणाली. "सगळं."