काना गावचं पाणी

सदर भागातल्या मराठी चर्चच्या आवारात हापशाजवळ प्लास्टिकचे सहा ड्रम मांडले होते आणि रविवारच्या वर्गातली नऊ मुलं बादल्यांनी ते भरत होती. गुणवंत काकाजी सावलीत खुर्ची टाकून बादल्या मोजत होते. फॅक्टरीतून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती. आजचा धडा येशूच्या पहिल्या चमत्काराचा. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, येशूनं नोकरांना सहा रांजण पाण्यानं भरायला सांगितले, आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. मुलांना वाटायचं, नुसतं बोट फिरवलं की झालं. म्हणून काकाजींनी ठरवलं होतं, आधी साठ बादल्या उचलू द्या, मग बोलू.

पाच ड्रम भरले तेव्हा विनता मुलीला न्यायला आली. दहा वर्षांची अवंतिका भिजलेल्या फ्रॉकनं हापसा मारत होती. विनतानं तिचे तळवे उघडून पाहिले. लाल झाले होते.

"हे काय चालू आहे, काकाजी?"

"धडा चालू आहे. बस ना."

"दुपारी इथे मंडळीतल्या त्या आल्हादचा साखरपुडा आहे ना? भांड्यांना पाणी लागंल. टेंटवाल्याचा माणूस नाही आला वाटते."

"धड्यासाठी भरलेलं पाणी वाया काहून घालवायचं, म्हणून मी..."

"अच्छा. म्हणजे फुकटचे मजूर."

मुलं थांबली. काकाजींनी आवाज चढवला नाही. "ऐक जरा. रस कुठून आला हे पंगतीच्या कारभाऱ्याला कळलं नाही. नवरदेवालाही नाही. कळलं ते पाणी भरणाऱ्या नोकरांना. चमत्कार आधी त्यांना दिसला. हेच तर शिकवून राहिलो."

"मग त्या नोकरांचं पुढे काय झालं?"

"पुढे?"

"दुसऱ्या दिवशी. नवरदेवाची वाहवा झाली, शिष्यांचा विश्वास बसला. नोकर उष्टी भांडी घासत बसले असतील. त्यांची नावं तरी लिहिली का कोणी?"

काकाजी अठ्ठावीस वर्षं हा धडा शिकवत होते. हा प्रश्न एकाही मुलानं विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही नाही.

"नाही," ते म्हणाले. "नावं नाहीत."

"माझ्या आईनं नेपियर टाउनमध्ये तीन घरचं पाणी भरलं. दुसऱ्या मजल्यावर चढवायची. तिला कोणता चमत्कार दिसला, विचारा जाऊन. मी पोरीला इथे शिकायला पाठवते, पाणी भरायला नाही. आता येणार नाही ती. आणि मी चर्चच्या कमिटीला तक्रारीची चिठ्ठी देते."

कमिटीतले दोघंजण आधीच म्हणत होते की काकाजींचं वय झालं, वर्ग तरुण राजश्रीदीदीकडे द्यावा. बायको गेल्यापासून काकाजींना आठवड्यात वाट पाहावी असा हा एकच दिवस होता.

"चिठ्ठी दे," ते म्हणाले. "पण अवंतिकाला थांबवू नको. ती विचारते. बाकीचे नुसते ऐकतात."

"तुम्ही किती बादल्या भरल्या?"

"मी मोजत होतो."

"म्हणजे पंगतीचे कारभारी."

मुलांमधला सुमेध फिसकन हसला. काकाजींनी त्याला दटावलं नाही. ते उठले, काठी भिंतीला टेकवली आणि बादली हापशाखाली लावली. सहावा ड्रम रिकामा होता.

"दाखवायसाठी करून राहिले का?" विनता म्हणाली.

"माहीत नाही. आधी भरून पाहतो."

तिसरी बादली त्यांनी वाटेत दोनदा खाली टेकवली. पाचवीतलं अर्धं पाणी पायजम्यावर सांडलं. अवंतिका पुढे धावली. विनतानं तिचं मनगट पकडलं.

"राहू दे. भरू दे त्यांना."

ड्रम काठोकाठ भरायला बराच वेळ लागला. तोवर विनता गेली नाही. काकाजी ओल्या ओट्यावरच बसले.

"मग? काय कळलं?" विनतानं विचारलं.

"काही नाही," ते धापा टाकत म्हणाले. "दम लागला फक्त."

विनतानं अवंतिकाच्या फ्रॉकचा घेर पिळला.

"चिठ्ठी मी देणारच," ती म्हणाली. "पण पुढच्या रविवारी ही येईल. मी पण येईन, मागच्या बाकावर बसीन. नोकरांचं पुढे काय झालं ते शिकवा. माहीत नसंल तर माहीत नाही म्हणून सांगा पोरांना. चलो, अवंतिका."