डोंग्याचा वाटा

रंजूच्या कंपनीत मालक म्हणून एकच माणूस होतं, ते म्हणजे रंजू. भागधारक तीच, संचालक तीच, आणि सभा भरवायची झाली तर सभेलाही तीच. शिंगाड्याचं पीठ विकणाऱ्या या 'एक व्यक्ती कंपनी'चे कागद सांभाळायला मेघा महिन्यातून एकदा जवाहरनगरहून स्कूटीवर येई. "ठराव वहीत लिहायचा, तारीख टाकायची, सही करायची. झाली सभा," असं तिने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. रंजूने ते इतकं मनावर घेतलं की ठराव लिहिण्याआधी ती घरी जाऊन साडी बदलून येई.

यंदा मार्चमध्ये मेघा कंपनीच्या शेडमध्ये दोन कामं घेऊन आली होती: नफ्यातून लाभांश किती घ्यायचा त्याचा ठराव, आणि वर्षाचा पगारतक्ता. लाभांशाचं दहा मिनिटांत आटोपलं. पगारतक्त्यावर मात्र मेघाचं बोट अडलं.

पगारावर दोघंच होती. संचालक म्हणून रंजू, आणि शिंगाडे काढायला तिचे वडील धनीराम. धनीरामच्या नावापुढे अख्खा डिसेंबर हजेरी लागली होती. आणि त्याच डिसेंबरात ते गुडघे सुजून बारा दिवस भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडून होते. मेघाला हे कोणी सांगायला नको होतं, रोजचा डबा तिनेच पोचवला होता.

"रंजू, हे काय गं?"

रंजूने शेडच्या दाराकडे पाहिलं. बाहेर उन्हात धनीराम खुर्ची टाकून बसले होते. "दिवाळीपासून बा पाण्यात उतरलाच नाही, ताई," ती हळूच म्हणाली. "पन पगार बंद केला त् तो औषध बंद करते."

ते काही उगाच म्हणणं नव्हतं. रंजूचं सासर गावातच, तळ्याच्या पलीकडच्या काठाला. पण दिलेल्या लेकीच्या घरचं धनीराम पाणीसुद्धा पीत नसत, पैसे तर लांबच. एकदा रंजूने औषधाचे पैसे उशीखाली ठेवले, तर ते त्यांनी जावयाच्या हातात परत नेऊन दिले आणि महिनाभर गोळ्यांवाचून काढला. कंपनी निघाली तेव्हा कुठे हा पेच सुटला. कायद्याने कंपनी म्हणजे वेगळी व्यक्ती, हे मेघानेच त्यांना समजावलं होतं आणि म्हातारबांना ते फार पटलं होतं. ती व्यक्ती काही त्यांची लेक नव्हती, तिचा पगार घ्यायला कसली लाज? शेडमधला चहाही ते कंपनीचा म्हणून मजेत पीत. तो रंजूच्याच घरून थर्मासमधून येतो, याची चौकशी करायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

"खोटी हजेरी मला ठेवता येणार नाही," मेघा म्हणाली, आणि असं म्हणावं लागलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"मंग माहा लाभांश देऊ त्याले?"

"लाभांश फक्त मालकाचा असतो. तुझ्या हातात आला की तो तुझा पैसा झाला. लेकीचा."

"कायले कुजबुजून राहिल्या?" धनीराम काठी टेकत आत आले. रंजूने मान खाली घातली. मेघाने सरळ सांगून टाकलं, "काका, काम न करता पगार लिहिता येत नाही."

म्हाताऱ्याने पगारतक्त्याकडे पाहिलं. "मले ठाऊक आहे, पोरी. सही कराची लाज वाटे. पन हिचं मन मोडवत नव्हतं. खोडून टाक तू." ते जायला वळले, मग थांबून म्हणाले, "अन हा लाभांश का असते?"

"काम नाही केलं तरी मालकाले भेटते, तो वाटा," रंजू म्हणाली.

"हात्! हे त् आमच्यात पहिलेपासून आहे. मासोळीचे वाटे पडत, त् मानसायचे वेगळे अन डोंग्याचा वेगळा. डोंगेवाला खाटेवर पडून असला तरी त्याच्या घरी वाटा पोचे."

मेघाने मान वर केली. "काका, तळ्यात शिंगाडे काढायला होडी म्हणून जो डोंगा लागतो, तो कोणाचा?"

"माहा. कंपनीचा कुठचा आला?"

मेघाने तीन वर्षांचा खर्च भराभर उलटून पाहिला. डोंग्याचं भाडं कुठेच नव्हतं. "म्हणजे तीन हंगाम कंपनीने तुमचा डोंगा फुकट वापरला."

"फुकट?" धनीराम ताठ झाले. खुर्ची ओढून बसलेसुद्धा. "वा रे वा कंपनी! हंगामाचे दहा हजार लाव."

रंजूच्या डोळ्यांना धार लागली होती, पण ती भावात कच्ची नव्हती. चटकन हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने ओळखलं असतं. "दहा? कंपनी सहा देईन. आंधळगावात पाचात भेटते डोंगा."

"त्यात पानी शिरते!"

"साडेसहा."

दोघं हट्टाने भांडत राहिली आणि मेघा हसू दाबत ऐकत राहिली. शेवटी आठ हजारांवर ठरलं. मेघाने चार महिन्यांची हजेरी खोडली, दिलेला पगार थकलेल्या भाड्यात वळता केला, आणि उरलेलं भाडं महिन्याच्या महिन्याला, गोळ्यांना पुरेल असं लावून दिलं.

"करार कोनासंग?" सही करण्याआधी धनीरामनी विचारलं.

"कंपनीसोबत, काका."

त्यांनी सही केली. पण पेन काही खाली ठेवला नाही. "अजून एक लिव. भाडं कंपनीले. माही रंजू डोंग्यात बसन तवा तिच्यापासून पैसा नाही घ्याचा. लेकीपासून मी घेत नाही."

दिवाळीपासून डोंग्यात रंजूशिवाय कोणीच बसत नाही, हे मेघाच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं आणि दुसरा कोरा कागद घेऊन त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. रंजूने त्यावर सही केली. सहीखाली 'संचालक' लिहायला ती विसरली, आणि मेघाने आठवण करून दिली नाही.