मंदाचा शेवट

सुनंदाबाईंचे यजमान बँकेत साहेब. पुण्याहून बदली होऊन एरंडोलला आले, तेव्हापासून बाईंचं नाक जे वर चढलं ते खाली आलंच नाही. गावात वाचणारं माणूस एकच, ते म्हणजे आपण, अशी त्यांची खात्री. म्हणून वाचनालयाच्या पुस्तक निवडीच्या समितीत यंदापासून एक बाई घ्यायचं ठरलं, तेव्हा ती जागा त्यांनी मनातल्या मनात घेऊनही टाकली.

पण वाचनालयाचे अध्यक्ष चंपालालशेठ. त्यांनी सांगितलं, बायकांनी नाव ठरवावं, आम्ही मान डोलावू. आणि चैत्रात बायका सापडायच्या त्या शेठच्या ओसरीवर, पापड लाटताना. तिथे शेठची बायको प्रेमकुंवर रोज कादंबरी सांगायची. आख्खी नव्हे. आदल्या दिवशी जेवढी वाचून झाली तेवढीच, आणि वर स्वतःचं मत. मंदाचा नवरा मला पहिल्यापासून पटला नाही. मंदाने अंगावरचे दागिने द्यायला नको होते. सासू शेवटी सुधारेल बघा. दुसऱ्या दिवशी मत फिरलं की तेही बिनदिक्कत सांगायची. बायका लाटणी थांबवून मंदावरून भांडायच्या.

सुनंदाबाईंना हे ऐकूनच किळस यायची. "अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या होणाऱ्या या बायका," त्या यजमानांना म्हणाल्या. "पुस्तक म्हणजे काय कढी आहे, चमचाभर चाखून मीठ कमी म्हणायला? संपवावं, विचार करावा, मग तोंड उघडावं." यजमानांनी मान डोलावली. त्यांनी लग्नानंतर एकही पुस्तक उघडलं नव्हतं, त्यामुळे त्यांना हा नियम सोपा होता.

मग बाईंनी तीच कादंबरी वाचनालयातून आणली आणि दोन बैठकींत संपवली. मंदा घर सोडते, पाचोऱ्याला गाडीत बसते, नवरा फलाटावर उभा राहतो, गाडी हलते. बस. पुढे कोरा पुठ्ठा. बाईंना हा शेवट मनापासून आवडला. लेखकाने काही सांगितलं नाही, हेच तर मोठेपण. इथल्या पापडवाल्यांना ते काय कळणार?

त्यातच शेजारची यशोदाबाई सांगत आली, की प्रेमकुंवरच्या कादंबरीत मंदा आता नाशकात शिवणकाम करते. सुनंदाबाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाई चक्क मनाने रचून सांगतेय. ही जागा मागणार पुस्तक निवडीत!

दुपारी त्या इस्त्रीची साडी नेसून शेठच्या ओसरीवर हजर झाल्या. कुणीतरी तेलात बुडवलेली लाटी पुढे केली, ती त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली.

"प्रेमकुंवरबाई, नाशिक कुठून आणलंत तुम्ही? कादंबरी गाडी हलते तिथे संपते. मी पूर्ण वाचली आहे. अर्धवट वाचून बोलायची मला सवय नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. प्रेमकुंवरने हात पुसले, आत जाऊन एक पुस्तक आणलं. तेच जाड हिरवं कापड, तसाच पुठ्ठा.

"बाई, तो पहिला भाग. पुस्तक जाड असलं की आपल्याकडे दोन करून बांधतात, म्हणजे मागच्याला वाट बघावी लागत नाही. पुढचा भाग माझ्याकडे होता. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

हे गावात सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी बाईंनी "हो का?" एवढं म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. एक लाटी तोंडात टाकून बसल्या असत्या, तर जागाही मिळाली असती. पण नाक आड आलं.

"मला माहीत आहे ते," त्या म्हणाल्या. "पुढचा भाग मी पुण्यालाच वाचला होता. मी फक्त पहिल्या भागाच्या शेवटाबद्दल बोलत होते."

यशोदाबाई भाबडी. तिने विचारलं, "मग खरा शेवट कसा वाटला तुम्हाला?"

मोठ्या कादंबरीत बाई मरतेच, एवढा अनुभव सुनंदाबाईंच्या गाठीशी होता. त्यांनी आवाज हळवा केला. "फार चटका लावून जातो. मंदाचं ते मरण... दोन दिवस मला जेवण गेलं नाही."

ओसरीवर लाटण्यांचा आवाज थांबला. प्रेमकुंवरने सकाळीच कादंबरी संपवली होती, आणि तासाभरापूर्वी ती सगळ्यांना सांगूनही झाली होती.

कोपऱ्यातली भागाबाई, जिला अक्षर कळत नव्हतं पण मंदाचं घरदार तोंडपाठ होतं, तिने मान वर केली. "मरी गयी? मंग नातूनं बारसं कोनी करं?"

शेवटच्या पानावर मंदा जिवंत होती, नातवाचं बारसं करत होती. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर त्यांना संतापून उठून तरी जाता आलं असतं. यशोदाबाईने नजर पिठात घातली. प्रेमकुंवरने पुस्तक पदराने पुसलं आणि मांडीवर ठेवलं.

"पुस्तक निवडीचं नाव आजच ठरवू," ती शांतपणे म्हणाली. "मी शेठना सांगते, सुनंदाबाईंना घ्या. आम्हाला कुठे जमणार? आमचा सगळा वेळ वाचण्यात जातो."

भागाबाईने मान डोलावली. मग एकेक करून सगळ्यांनी डोलावली आणि पुन्हा लाटणी सुरू झाली. बाईंना हवी होती ती जागा एकमताने मिळाली.