दुसरा व्हॉल्व्ह

द्वारकाने मोटरसायकलच्या जुन्या हँडलच्या पाइपचा तुकडा दोन्ही मुठींत आवळून धरला आणि गंगारामने डाव्या हाताने कानस चालवायला सुरुवात केली. पाइपच्या अंगाला त्याला एक खिडकी पाडायची होती, बोटाचं पेर जाईल एवढी. उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा.

फुलपाड्यातल्या त्या खोलीत, ओट्याखाली गोणपाटावर मोटरसायकलचं इंजिन होतं. त्याचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवून शेजारी ठेवलं होतं. हेडमधला व्हॉल्व्ह काढायचा तर स्प्रिंग दाबून धरावी लागते, आणि ती दबलेली असतानाच व्हॉल्व्हला अडकवून ठेवणारी बारीक लॉकं उचलावी लागतात. धडधाकट माणसाचेही दोन्ही हात त्यात गुंततात. अर्धांगवायूने उजवं अंग नेल्यावर गंगाराम महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग हे इंजिन घरात आलं, आणि एका हाताने चालेल असं हत्यार घडवायला तो उठून बसला. जुन्या क्लॅम्पच्या तोंडाशी हा पाइप बसवायचा. स्क्रू पिळून हात सोडला तरी स्प्रिंग दबलेली राहील, आणि खिडकीतून तोच हात लॉकं उचलेल.

"तुमच्या जुन्या गिऱ्हाइकाचं, पापडीच्या हिलरीचं इंजिन आहे," द्वारकाने सांगितलं होतं. "घाई नाही म्हणाला."

ते खोटं होतं. इंजिन तिने भंगारवाल्याकडून आणलं होतं आणि बाहेर नळाशी बसून डिझेलने घासलं होतं. त्याच्या गॅरेजचा गाळा तर तिने केव्हाच एका मोबाईलवाल्याला भाड्याने दिला होता. औषधं होती, मालिशवाला होता, दोघांचं पोट होतं. आज सांगू, उद्या सांगू करत ती रोज त्याच्यासमोर पाइप धरून बसायची.

खिडकी झाली. गंगारामने क्लॅम्प हेडवर चढवला, स्क्रू पिळला. एकदा तो निसटला, दुसऱ्यांदाही. मग स्प्रिंग दबली आणि दबलेलीच राहिली. त्याने हात काढून घेतला, पँटला पुसला, खिडकीत बोट घालून एकेक लॉक बाहेर काढलं. व्हॉल्व्ह सुटून त्याच्या तळहातावर आला.

कितीतरी दिवसांनी तो हसला. अर्ध्याच तोंडाने.

"उद्या रिक्षा बोलव," तो म्हणाला. शब्द अजून जड यायचे. "गाळ्यावर जाऊ. शटर तू उघड."

द्वारकाने हातातला चिंध्यांचा बोळा खाली ठेवला.

"अहो, गाळा दिला मी. भाड्याने."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. गंगाराम व्हॉल्व्ह बोटांत फिरवत राहिला.

"सामान?"

"थोडं माळ्यावर आहे. बाकीचं गेलं."

त्याने मान हलवली. व्हॉल्व्ह गोणपाटावर ठेवला. द्वारकाला वाटलं, आता हा पुन्हा भिंतीकडे वळणार.

"आणि हे भंगारातलं," तो म्हणाला.

तिने चमकून वर पाहिलं.

"हिलरीच्या इंजिनाचा बोल्ट बसायचा एक कान तुटला होता. मीच वेल्डिंग करून आणला होता. ह्याचे दोन्ही कान शाबूत आहेत. पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढं घासून आणलं होतंस."

द्वारकाने पदर तोंडाशी नेला. पदराला डिझेलचा वास येत होता. गंगारामने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने क्लॅम्प सैल केला, हेडच्या दुसऱ्या बाजूला सरकवला. पाइप स्प्रिंगवर नीट बसेना. गाळ्याकडची रिक्षा, उघडायचं शटर, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून विरून गेलं होतं; आता तो नुसता हेडवर वाकलेला होता.

"दुसरा राहिलाय," तो म्हणाला. "धर."