नाचऱ्याची शिट्टी

धाराशिवच्या कडेला टेकडीवर जे निसर्ग केंद्र आहे, तिथं दर रविवारी सकाळी जत्रा भरू लागली होती. मोरांसाठी कुणी येत नव्हतं, काळविटांकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. तिकीट काढलं की लोक पायवाटेनं थेट तिसऱ्या वळणावरच्या बाभळीखाली. तिथं हरिबा महाराज मांडीवर झोळी घेऊन, डोळे मिटून बसलेले असत.

"या, या! वर गेलेल्यांना दार नसतंय, खिडकी असती. ती खिडकी म्हंजे ही बाभळ! डोळे मिटा, मनात नाव घ्या. वरडू नका, आत्मा बहिरा न्हाय!"

आत्मा बहिरा नव्हता, पण व्यवहारी होता. दक्षिणेचं ताट फिरल्याशिवाय येत नसे. ताट फिरलं की कुठूनशी एक गोड शिट्टी ऐकू येई आणि चिमणीएवढं काळसर पाखरू झेपावत येऊन महाराजांच्या डोक्यावरच्या फांदीवर शेपटीचा पंखा पसरून नाचू लागे. बाया पदर डोळ्यांना लावत.

त्या गर्दीत चंद्रप्रभाबाईही होत्या. तीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलेल्या, "आधी बघा, मग माना" म्हणून पोरांचं डोकं खाल्लेल्या. दिवाळीच्या तोंडावर त्यांचे यजमान तात्या गेले. तात्या फाटक उघडताना शिट्टी वाजवायचे, अगदी अशीच, वरून खाली उतरत येणारी. पहिल्या रविवारी ती कानावर पडली आणि बाईंचं सगळं विज्ञान गळून गेलं. हसू नका. पाच महिने दोन खोल्यांत एकट्यानं चहा पिऊन बघा, मग हसा.

"तात्या खूष हायेत," महाराज म्हणाले होते. "दर रविवारी येत जावा."

पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो. म्हणून बाई बुधवारीही गेल्या. बाभळीखाली कुणी नव्हतं. त्यांनी ओठ जुळवून शिट्टी घालून पाहिली, नुसता वारा निघाला. "अहो, मी आलेय," त्या हळूच म्हणाल्या. पाखरू आलं नाही.

पायवाट झाडणारी गजराबाई खराटा टेकून उभी राहिली. "नाचरा बघायचाय व्हय, बाई? तिकडं बोरीत घरटं हाय त्याचं. दोन पिल्लं हायेत. लई धावपळ चाललीय बिचाऱ्याची."

बाई बोरीजवळच्या दगडावर जाऊन बसल्या. चहाच्या कपाएवढं घरटं. नाचरा यायचा, पिल्लाच्या तोंडात किडा घालायचा, जायचा. तासभरात त्यानं एकदाही बाईंकडं पाहिलं नाही. त्याचा त्याला संसार होता. बाईंना त्या दिवशी फार एकटं वाटलं.

रविवारी त्या गर्दीत गेल्याच नाहीत, बोरीपाशी बसल्या. नाचरा अळी घेऊन घरट्याच्या काठावर टेकला होता. चोच मिटलेली. आणि नेमकी तेव्हाच बाभळीकडून शिट्टी आली. नाचऱ्यानं अळी टाकली आणि पिसं फुलवून तिकडं झेप घेतली. पिल्लं चोची वासून राहिली.

पुन्हा शिट्टी. शिट्टीमागं लांबून एसटीचा हॉर्न, मधेच तुटलेला. पुन्हा शिट्टी, पुन्हा तोच तुटका हॉर्न. इतके रविवार तो हॉर्न बाईंच्या कानावर पडत होता. हायवेचा असेल म्हणून त्यांनी सोडून दिला होता. खरं म्हणजे त्यांना तो सोडूनच द्यायचा होता.

अजूनही गप्प बसता आलं असतं. पुढच्या रविवारी तात्या पुन्हा आले असते. पण पिल्लांच्या चोची अजून उघड्याच होत्या. बाई उठल्या आणि गर्दीतून वाट काढत पुढं गेल्या.

"महाराज, ती झोळी माझ्याकडं द्या. मग हाक मारा."

"बाई, तुमचा भाव कमी पडला!"

"भाव राहू द्या. झोळी द्या."

महाराजांनी झोळी छातीशी कवटाळली. धांदलीत आतलं कसलंसं बटण दाबलं गेलं, आणि झोळीनंच शिट्टी घातली. मागोमाग हॉर्न.

"आँ! आत्मा झोळीत बसलाय व्हय?" म्हणत गजराबाईनं झोळी ओढली. आतून मुठीएवढा स्पीकर निघाला. बाईंनी तो तळहातावर धरला. नाचरा थेट त्यांच्या हातापाशी येऊन शेपटी फुलवून नाचू लागला. तेवढ्यात महाराज कुठल्या खिडकीतून गेले, ते कुणालाच कळलं नाही.

"हा नाचत नाही, चिडलाय," बाई म्हणाल्या. "स्पीकरवर त्याच्याच जातीच्या पाखराचा आवाज भरून घेतलाय, मागून वाजलेल्या एसटीच्या हॉर्नसकट. आपल्या हद्दीत दुसरा नाचरा शिरला असं समजून हा भांडायला येतो. आणि तिकडं त्याची पिल्लं उपाशी राहतात."

पहिल्या रांगेतल्या दगडाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा तरणा मुलगा अपघातात गेला होता. "मग माझा बलभीम? त्यो येत व्हता की, बाई?"

तीस वर्षांत इतका अवघड प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता.

"नाही आला, दगडाबाई. आमचे हेही नाही आले." बाईंनी मोकळ्या हातानं त्यांचा हात धरला. "गेलेलं माणूस येत नाही. रडू आलं तर माझ्याकडं या, दोघी मिळून रडू. पण डोळे मिटा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आधी बघा, मग माना."

त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. शिट्टी थांबली. नाचरा थोडा वेळ इकडंतिकडं बघत राहिला आणि बोरीकडं निघून गेला.

दुपारी घरी आल्यावर बाईंनी फाटक उघडलं. शिट्टी वाजली नाही. आता ती कधीच वाजणार नव्हती. हात फाटकावर ठेवूनच त्या मागं वळून म्हणाल्या, "या आत, दगडाबाई. चहा टाकते."