लीलाकाकूंच्या नावाची पट्टी

मी आप्पांचा टॅब बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, माझा स्वतःचा आवाज डब्यात अडकलेल्या माशीएवढा. पण मालगुंडच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथे गेली तीन वर्षं ज्यांचे ज्यांचे आवाज मोठे झाले ते माझ्या काचेवरून मोठे झाले. एवढं श्रेय मला द्यायला हरकत नसावी.

आप्पांचा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न, सत्यनारायण, शाळेचं गॅदरिंग, देवळातला उत्सव. पार लांज्यापर्यंत त्यांचे स्पीकर जायचे. जन्मभर त्यांनी बटणांचा मिक्सर वापरला. खाऱ्या हवेने त्याची बटणं खरखरायला लागली, तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, अनिशने, नवा डिजिटल मिक्सर आणला आणि त्याच्यासोबत मला. तो मिक्सर म्हणजे नुसती काळी पेटी. माईकच्या वायरी त्याच्या पोटात, आणि कारभार सगळा माझ्या काचेवर. आप्पांची बायको लीलाकाकू. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मिक्सर म्हणे, आणि एक बटण नाही! चटणी व्हायची कशी?"

माझ्या काचेवर उभ्या पट्ट्या दिसतात. एका माईकची एक पट्टी. बोटाने वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की लहान. पट्टीशेजारी बारीक दिवे असतात. आवाज आला की हिरवे चढतात, वाढला की पिवळे, फुटायला लागला की लाल. प्रत्येक पट्टीला नाव देता येतं. आप्पांनी पहिलं नाव घातलं 'लीला'. तबला, पेटी, कीर्तनकार बुवा हे सगळे मागाहून आले.

अनिश शिकवत होता तेव्हा आप्पांनी एकच प्रश्न विचारला.

"हे दिवे खरं सांगतात ना रे?"

"कानापेक्षा खरं, आप्पा."

त्यावर आप्पांनी मला असं काही छातीशी धरलं की मला वाटलं, म्हातारा भाळला आपल्यावर. मी नवा होतो, थोडा फुशारलोही. खरं कारण मला हळूहळू कळलं.

आप्पांना एक खोड होती. पोथीचं पान उलटावं तसं बोट जिभेला लावून ते माझ्यावर टेकवायचे. आता माझी काच बाकी सगळ्यात हुशार, पण ओलाव्यापुढे तिचं डोकं चालत नाही. पाण्याचा थेंब आणि माणसाचं बोट तिला सारखंच. पट्टी भलतीकडेच उडी मारायची. "ओलं बोट लावू नका हो," असं अनिशने बजावलं, आणि तेव्हापासून आप्पा खांद्यावरच्या पंच्याला बोट पुसल्याशिवाय मला शिवले नाहीत. दसऱ्याला माझी पूजा झाली तेव्हाही लीलाकाकूंना त्यांनी अडवलं, "गंध चौकटीला लाव, काचेला नको." झेंडूचं फूल मात्र मला दोन दिवस होतं.

कामावर निघण्याआधी आप्पा पडवीत एकटेच बसायचे. माईकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. हिरवा दिवा चढला की समाधानाने हसायचे. एकदा ते असेच बसले असताना लीलाकाकू मागून आल्या. "अहो, चहा." आप्पा हलले नाहीत. "अहो, चहा झालाय म्हणत्ये मी!" तरी नाही. शेवटी काकूंची सावली माझ्या काचेवर पडली, तेव्हा ते दचकून वळले.

"कामात होतो गो."

"तुमचं ते काम! त्या पाटीत तोंड घातलंत की जग बुडालं तरी कळायचं नाही तुम्हाला."

काकू चहा ठेवून गेल्या. आणि माझ्या लक्षात आलं की आप्पांना ऐकू येत नाही.

चाळीस वर्षं कर्ण्यांच्या तोंडाशी उभं राहिल्याचा तो प्रसाद होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी कानाला लावायचं यंत्र दिलं होतं. त्यातून आप्पांना नुसतीच खरखर यायची. ते यंत्र कपाटात गेलं आणि घरात कुणाला पत्ता लागला नाही. बहिऱ्याला लाउडस्पीकरचं काम देणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. आप्पांनी ती मूठ माझ्याआड झाकली. लोकांचे ओठ वाचायचे, माझे दिवे वाचायचे, आणि अडलंच तर त्यांच्याबरोबर स्पीकर उचलायला येणाऱ्या बाबल्याच्या तोंडाकडे बघायचं. बाबल्याने कपाळाला आठी घातली की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

पण खरी गोष्ट धंद्याची नव्हती. धंदा काय, आज ना उद्या सुटणारच होता. खरी गोष्ट लीलाकाकूंच्या गाण्याची होती.

काकू काही मोठ्या गवयीण नव्हेत. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून देवीच्या उत्सवात पद म्हणतात, एवढंच. आमच्या देवळात दुपारची आरती झाली की तीर्थ वाटतात, आणि ते वाटून होईपर्यंत काकूंचं पद चालतं. पद संपलं की त्या समोरच्या गर्दीकडे बघतच नाहीत. त्या बघतात सभामंडपाच्या खांबापाशी, आप्पांकडे. आप्पा मान डोलावतात, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून हात उंच करतात. झक्कास! तेवढ्यासाठी काकू वर्षभर गळा जपायच्या. लोणच्याची फोडसुद्धा उत्सवाआधी महिनाभर तोंडात घालायच्या नाहीत.

ते बोट जुळवणं गेली तीन वर्षं माझ्या दिव्यांवर चाललं होतं. काकूंची पट्टी हिरवी चढली, पिवळ्याला शिवून परत आली, की आप्पांची मान डोलायची. त्यांनी तो आवाज डोळ्यांनी पाठ केला होता. कुठे चढतो, कुठे थरथरतो, कुठे काकू श्वास घ्यायला क्षणभर थांबतात आणि दिवे विझून परत लागतात, सगळं. मी आंधळ्याची काठी नव्हतो, पण बहिऱ्याचा कान झालो होतो, आणि मला त्याचा अभिमान होता.

गेल्या उत्सवात त्या अभिमानाचं पाणी झालं. खरोखरच पाण्याने झालं.

आरती झाली होती. काकूंनी पद सुरू केलं होतं, आणि आवाज इतका सुरेख लागला होता की बायकांनी तीर्थासाठी पुढे केलेले हात तसेच राहिले. मी स्टँडवर उभा, समोर आप्पा. गुरुजी तीर्थाची पळी घेऊन आले. आप्पांनी उजवा तळहात पुढे केला, तीर्थ घेतलं, ओला हात रिवाजाप्रमाणे डोळ्यांना लावला, डोक्यावरून फिरवला आणि डोळे मिटून हात जोडले. त्या फिरवण्यात तीर्थाचे थेंब माझ्यावर उडाले. दोन पडले 'लीला'च्या पट्टीवर.

माझ्या काचेला वाटलं, आप्पांचं बोट आलं. थेंब फुटून वर पसरला, पट्टी त्याच्यामागे निघाली, ती थेट टोकाला गेली.

माईक शिट्टी मारतो म्हणजे काय, ते ज्याने ऐकलंय त्यालाच ठाऊक. सभामंडप किंचाळला. पोरं रडायला लागली, गुरुजींच्या हातातली पळी पडली, काकूंनी पद तोडून कानांवर हात घेतले. मी लाल लाल होऊन ओरडत होतो, म्हणजे दिसत होतो. पण बघणार कोण? आप्पांचे डोळे मिटलेले. त्या सगळ्या गोंगाटात एकटे आप्पा शांत उभे होते, हात जोडून, चेहऱ्यावर देवीसमोर असतं तसं समाधान.

"आप्पानू! आप्पानू, शिटी!" बाबल्या कानाशी ओरडला. मग त्यानेच धावत जाऊन मिक्सरची पिन उपटली.

सगळीकडे चिडीचूप झालं. तेव्हा आप्पांनी डोळे उघडले. त्यांना दिसलं की काकू थांबल्यात आणि त्यांच्याकडेच बघतायत. त्यांना वाटलं, पद संपलं.

आप्पांनी मान डोलावली. अंगठा आणि बोट जुळवून हात उंच केला. झक्कास!

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. काकूंच्या हातातला माईक हळूहळू खाली आला. आप्पांचा हात मात्र बराच वेळ तसाच वर होता.

घरी आल्यावर काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तीन वर्षं! मग गात कुणासाठी होत्ये मी?" आप्पांना ऐकू गेलं नाही. मग त्या वळल्या आणि तेच त्यांच्या तोंडासमोर, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. ते त्यांना कळलं. आप्पांनी मला उचललं, पंच्याने पुसलं आणि काकूंपुढे धरलं.

"ह्यात दिसतेस तू मला," ते म्हणाले. "खोटं नाही बोललो कधी. दिसलीस तसंच सांगितलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं काय चुकलं? सवतीकडे कोण बघतं!

काम सुटलं. मिक्सर आणि स्पीकर लांज्याला हाच धंदा करणाऱ्या ओमकारने नेले. त्याच्याकडे माझ्याहून नवा टॅब होता, म्हणून मी घरी राहिलो. काकूंचं गाणं बंद झालं. साधं गुणगुणणंही नाही. त्या घराला मी इतकं मुकं कधी पाहिलं नव्हतं.

मग आमसुलांचे दिवस आले. एका दुपारी काकू पडवीत रातांबे फोडत बसल्या होत्या. हात लाल झाले होते, मन कुठेतरी होतं, आणि त्यांच्याही नकळत ते उत्सवातलं पद ओठांवर आलं. आप्पांना ओठ हलताना दिसले. ते लगबगीने आत आले, मला घेतलं, पंच्याने पुसलं, चालू केलं आणि काकूंसमोर बसले.

माझ्या काचेवर अक्षरं आली, 'मिक्सर सापडत नाही'. आप्पांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांना जुन्या पट्ट्या दिसल्या, 'लीला'ची पट्टी दिसली, आणि ते दिवे लागायची वाट बघत बसले.

काकू गात होत्या. मला नीट ऐकू येत होतं. पण मिक्सरवाचून मी एक दिवासुद्धा लावू शकत नाही. मला त्या वेळी रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

"थांबलीस का गो?" आप्पा म्हणाले. "म्हण ना. एकदा म्हण."

काकूंचा आवाज कापला, पण त्यांनी पद तोडलं नाही. गातागाताच त्यांनी लाल हात लुगड्याला पुसले, मला आप्पांच्या हातातून काढून घेतलं आणि जमिनीवर पालथं ठेवलं. पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. पद आणखी एक ओळ पुढे गेलं. मग एका जागी काकूंनी श्वास घेतला, आणि आप्पा म्हणाले,

"माझा हात तुझ्या गळ्यावर धरलास तरी कळतं. इथे तू नेहमी श्वास चोरतेस."

काकू हसल्या. मग त्या हसण्याचं रडू झालं आणि ते थांबेना. मला कुणी पुन्हा सुलटं केलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

आता मी कपाटात आहे, त्या कानाच्या यंत्राच्या शेजारी. आतली बॅटरी सुजून माझी पाठ फुगली आहे, काच एका कोपऱ्यात उचलली गेली आहे. अनिश पुढल्या खेपेला येईल तेव्हा मला भंगारात देणार आहे. देऊ दे. 'लीला'ची पट्टी आप्पांनी ठेवली होती तिथेच आहे, तिच्यासकट जाईन.

जाता जाता तुम्हाला एकच मागणं. तुमच्या घरात कुणी अलीकडे फारच समजूतदार झालं असेल, प्रत्येक गोष्टीला हसून मान डोलावत असेल, तर त्याला एकदा पाठीमागून हाक मारून बघा.